हवामानबदलावरचं पहिलं डिझर्टेशन: गोव्यातल्या विद्यार्थ्यांसाठी वाटाड्या

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला विषय द्यायची वेळ आली की ‘गोव्यावरील हवामानबदलाचे परिणाम’ अशा शीर्षकाचा कागद दरवर्षी कुणीतरी पुढे करतं. मार्गदर्शक तो परत देतात आणि पुढे काय करायचं ते कळेपर्यंत पावसाळा संपून जातो. मी खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीतल्या, पाण्याच्या खारेपणावर काम केलं. त्यानंतर विचारायला येणाऱ्या मुलामुलींना जे सांगत आले, ते इथे क्रमाने लिहिते. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करणाऱ्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल. उदाहरणं खाजनाची आहेत, कारण ते मला ठाऊक आहे. सत्तरी तालुक्यातल्या काजूवर किंवा काणकोणच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्यांनी पायऱ्या त्याच ठेवाव्यात आणि तपशील आपापले घालावेत.

१. कोण कुठे काय करतं ते आधी समजून घ्या

एवढ्याशा राज्यात हवामानाच्या अभ्यासाची इतकी मोठी केंद्रं एकमेकांच्या इतक्या जवळ आहेत, याचा फायदा करून घ्या. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आहे (स्थापना १९८५). तिथून थोड्याच अंतरावर दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, म्हणजे एनआयओ, आहे. ती १ जानेवारी १९६६ला सुरू झाली. त्याआधी झालेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून तिचा जन्म झाला. वास्कोला सड्यावर ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, एनसीपीओआर, आहे. अंटार्क्टिकातली मैत्री आणि भारती, आर्क्टिकमधलं हिमाद्री आणि स्पितीतलं हिमांश या तळांचं काम तिथूनच चालतं. जुने गोवे इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. खारं पाणी सोसणाऱ्या आपल्या कोरगूट भातातून गोवा धान १ आणि गोवा धान २ ही वाणं तिथेच निवडून तयार झाली.

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१मध्ये गोव्याच्याच किनाऱ्यावरून निघाली आणि तिचं नेतृत्व एनआयओचे संचालक राहिलेले डॉ. एस. झेड. कासिम यांनी केलं होतं, हे आपल्या मुलांना शाळेत कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

एनआयओचं आणखी एक काम मुद्दाम वाचा. कांदोळीसमोरच्या समुद्रात ठरलेल्या एका जागी १९९७पासून वर्षानुवर्षं पाण्याच्या नोंदी घेतल्या गेल्या. पावसाळा सरताना किनाऱ्याजवळच्या खोल पाण्यातला प्राणवायू जवळजवळ संपतो आणि तिथे नायट्रस ऑक्साइड तयार होतो. उष्णता धरून ठेवण्यात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट प्रभावी आहे. डॉ. वाजिह नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २०००मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन मोजण्याला किती मोल आहे, हे त्यावरून कळतं.

पहिल्याच आठवड्यात या सगळ्यांना ईमेल पाठवू नका. विद्यापीठाच्या आणि एनआयओच्या संग्रहांत जुने प्रबंध आणि शोधनिबंध मोफत मिळतात, ‘शोधगंगा’वर इतर विद्यापीठांचेही मिळतात. तुमच्या नदीवर किंवा तालुक्यावर आधी काय झालंय ते वाचा आणि मगच एका शास्त्रज्ञाला एक नेमका प्रश्न विचारा. ‘मला मार्गदर्शन हवं आहे’ एवढ्याच मजकुराच्या ईमेलला सहसा उत्तर येत नाही.

२. प्रश्न गावाएवढा करा

डिझर्टेशनला हाताशी जेमतेम एक वर्ष असतं आणि त्यातला एकच पावसाळा तुमच्या वाट्याला येतो. म्हणून एक गाव, एक मोजमाप आणि एक ऋतू घ्या. मला अजूनही कुणीतरी करावासा वाटतो असा एक प्रश्न सांगते. उन्हाळ्यात खाजनाच्या मातीत मीठ वर येतं आणि मृगाचा पाऊस ते धुऊन काढतो, तेव्हा कुठे पेरणी होते. तर हे मीठ पेरणीजोगं उतरायला किती पाऊस लागतो? सुरुवातीचा जोर ओसरून मध्येच आठ-दहा दिवस उघडीप पडली, तर मीठ परत वर येतं का? हे एका गावात, एका हंगामात मोजता येतं. पावसाच्या उघडिपी वाढल्या का, हे जुन्या नोंदींतून वेगळं तपासता येतं. दोन्ही जोडले की शेतकऱ्यालाही समजेल असं उत्तर हाती येतं.

३. ‘हवामानबदलामुळे’ हा शब्द राखून ठेवा

या पायरीवर सर्वांत जास्त डिझर्टेशनं घसरतात, म्हणून इथे थोडं रेंगाळते.

समजा, चोडणला किंवा दिवाडीला एखादं खाजन गेली काही वर्षं पडीक आहे आणि पाणी खारट झालंय. समुद्राची पातळी वाढते आहे हे खरंच आहे. उत्तर हिंदी महासागरात १९९३ ते २०१७ या काळात ती वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटरने वाढली, असं केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाचा २०२०चा अहवाल सांगतो. पंचवीस वर्षांची बेरीज झाली साधारण आठ सेंटिमीटर. आता मानशीकडे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराकडे, बघा. आपल्याकडे उधाणाच्या भरती-ओहोटीत सुमारे दोन मीटरचा फरक असतो. मानशीच्या दाराची एक फळी कुजून निसटली, तर त्या दोन मीटरांतलं पाणी रोज दोनदा आत येणार. आठ सेंटिमीटरचा परिणाम त्याच्याखाली पार दडून जातो.

खाजन खारं होण्याची इतर कारणंही समोर ठेवा. बांधाला खेकड्यांनी भोकं पाडली आणि बुजवायला माणसं मिळाली नाहीत. नदीतून जाणाऱ्या बार्जच्या लाटांनी बांध खचला. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो आणि जास्त मासळीसाठी दार हवं त्यापेक्षा जास्त वेळ उघडं राहतं. शेती सुटली, म्हणून पोंय, म्हणजे खाजनातली पाण्याची खोलगट जागा, गाळाने भरली. कांदळ वाढून पाण्याची वाट अडली. यातल्या एकाही गोष्टीचा तापमानाशी संबंध नाही आणि प्रत्येक गोष्ट खाजन बुडवायला पुरेशी आहे.

म्हणून अभ्यासाची आखणीच अशी करा की कारणं वेगळी काढता येतील. त्याच नदीवरची, समुद्रापासून साधारण सारख्याच अंतरावरची दोन खाजनं घ्या, एक बांध धड असलेलं आणि दुसरं फुटलेलं. दोन्हीकडे एकाच दिवशी, भरतीच्या एकाच टप्प्यावर मोजा. बाहेरच्या नदीतलं पाणीही मोजा. नदीचा खारेपणा दोघांना सारखाच, तेव्हा आतल्या पाण्यात जो फरक पडेल तो मुख्यतः बांधाचा आणि मानशीचा. मातीचा पोत आणि शेताची उंची यांनीही फरक पडतो, म्हणून त्यांचीही नोंद ठेवा.

याचा अर्थ आठ सेंटिमीटर क्षुल्लक आहेत असा मुळीच नाही. ते बांधाच्या माथ्यावर जाणवतात. पूर्वी वर्षातून एखाद्या उधाणाला पाणी माथ्याला टेकत असेल, तर आता ते जास्त वेळा टेकतं. त्यात तौक्तेसारखं वादळ (मे २०२१) किनाऱ्याला लागून गेलं की बांधावरून पाणी जातं. हा परिणाम मोजायचा तर बांधाच्या माथ्याची उंची मोजा. सिव्हिल विभागाकडून सर्वेक्षणाचं उपकरण आणि ते वापरणारी एक व्यक्ती मिळवा. या विषयावर गोव्यात अजून पुष्कळ काम व्हायला हवं.

४. तयार आकडे आधी उतरवून घ्या

शेतात उतरण्याआधी महिनाभर संगणकावर काढा. पावसासाठी पुण्याच्या हवामान विभागाची चौकटींत विभागलेली दैनिक माहिती १९०१पासून मोफत मिळते. चौकट पाव अंशाची, म्हणजे साधारण २७ किलोमीटर बाजूची. इथेच पहिला खड्डा आहे. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे सगळा गोवा मिळून पाचेक चौकटींएवढा. किनारा आणि घाट यांच्या पावसातला मोठा फरक त्यात सपाट होतो. वाळपईच्या शेतकऱ्याचा पाऊस त्या एका आकड्यात शोधू नका. त्यासाठी पर्जन्यमापक केंद्राची स्वतंत्र नोंद मागवावी लागते. तिला नोंदणी, मार्गदर्शकांचं पत्र आणि ‘फक्त शैक्षणिक वापर’ असं हमीपत्र लागतं. उत्तर यायला वेळ लागतो, तेव्हा हा अर्ज सगळ्यात आधी टाका.

दुसरा खड्डा तारखेचा. आपल्याकडे पावसाची नोंद सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांची असते. २३ जुलैच्या रकान्यातला पाऊस बराचसा २२ तारखेला पडलेला असतो. २०२१च्या जुलैमधल्या पुरासारखी घटना तपासताना एका दिवसाची ही सरक लक्षात घेतली नाही, तर पूर पावसाच्या आधी आल्यासारखा दिसतो. ‘मुसळधार’ हा शब्दही मोघम वापरू नका. हवामान विभागाच्या व्याख्येत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६पासून अतिजोरदार आणि २०४.५पासून अत्यंत जोरदार पाऊस धरतात.

समुद्रपातळीसाठी भरतीमापकांच्या मासिक नोंदी जागतिक संग्रहातून उतरवता येतात. मुंबईची नोंद १८७८पासूनची आहे. मुरगावची तिच्यापेक्षा कितीतरी आखूड आहे, म्हणून कल काढताना दोन्ही शेजारी ठेवून बघा.

उपग्रहचित्रं वापरणार असाल तर लँडसॅटची ३० मीटरची चित्रं १९८०च्या दशकापासून आणि सेंटिनेल-२ची १० मीटरची २०१५पासून मिळतात. ती बघायला-मोजायला क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर मोफत आहे. जून ते सप्टेंबर ढगांमुळे हाती काही लागत नाही, म्हणून डिसेंबर ते मार्चमधली चित्रं निवडा. आणि चित्र घेतलं त्या क्षणी भरती होती की ओहोटी, हे प्रत्येक वेळी तपासा. एक चित्र ओहोटीचं आणि दुसरं भरतीचं असेल, तर किनारा खचल्याचा किंवा कांदळवन घटल्याचा निष्कर्ष निव्वळ पाण्याच्या पातळीमुळे निघू शकतो.

५. परवानग्या आणि कागद

या गोष्टी सप्टेंबरपर्यंत हातात असाव्यात:

• विभागप्रमुखांच्या सहीचं ओळखीचं पत्र आणि बोनाफाइड, चार-पाच प्रती
• दोन पानांचा आराखडा, एक इंग्रजीत आणि एक मराठीत किंवा कोंकणीत
• कोमुनिदादचं, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचं, आणि कुळांच्या संघटनेचं संमतिपत्र (जमीन एकाची आणि वहिवाट दुसऱ्याची असते, म्हणून दोन्ही हवीत)
• मुलाखती घेणार असाल तर विद्यापीठाच्या नीतिसमितीची मंजुरी आणि मराठी-कोंकणी संमतीपत्रक
• कांदळांची पानं, माती वगैरे घेणार असाल तर वनखात्याची लेखी परवानगी
• आईवडिलांचा आणि मार्गदर्शकांचा नंबर लिहिलेलं कार्ड, पाण्यात जाणार असाल तर लाइफ जॅकेट

चोडणच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात, म्हादईत किंवा नेत्रावळीत पाऊल टाकायचं असेल, तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २८व्या कलमाखाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. ती यायला वेळ लागतो. पर्याय म्हणून अभयारण्याबाहेरची एक जागा आधीच हेरून ठेवा.

सगळ्यांत महत्त्वाची परवानगी कुठल्याच कागदावर नसते. मानस सांभाळणाऱ्या माणसाला आधी जाऊन भेटा. दार कधी उघडतो, कधी लावतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं, आणि त्याला न विचारता बांधावर उपकरणं लावलीत तर ती दुसऱ्या दिवशी जागेवर असतीलच असं नाही.

६. शेतावर: वेळ पाण्याची बघा, घड्याळाची नंतर

सकाळी दहा वाजता नमुना घ्यायचा, असं ठरवून चालत नाही. भरतीची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. आपले रापणकार मच्छीमार तिथीला पाऊणने गुणतात: अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमेला आणि अवसेला अकरा-सव्वाअकराला. दिवस ठरवायला हा हिशेब उत्तम आहे, पण नोंदवहीत छापील भरती-तक्त्यातली वेळ लिहा. तक्ता मुरगावचा असतो. मांडवीतून जसजसं वर जाल तशी भरती उशिरा येते, तेव्हा पहिल्या एक-दोन फेऱ्यांत खांबाला खुणा करून तुमच्या जागेचा उशीर काढून घ्या. उधाण आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची छोटी भरती) दोन्ही वेळांना मोजा. फक्त पौर्णिमेलाच मोजलंत तर खाजन सदासर्वदा खारंच दिसेल.

साधनं फार लागत नाहीत. चांगला कंडक्टिव्हिटी मीटर (पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून खारेपणा मोजणारा), त्याची प्रमाणित द्रावणं, स्वच्छ बाटल्या, मार्कर, मोबाइलचा जीपीएस आणि पावसात भिजणार नाही अशी वही. मीटर त्या दिवशीच्या पहिल्या नमुन्याआधी आणि शेवटच्या नमुन्यानंतर प्रमाणित द्रावणात तपासायचा. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची. प्रत्येक नोंदीसोबत दार उघडं की बंद, शेवटचा पाऊस कधी, वारा कसा आणि शेतात पीक आहे की पाणी, हेही लिहा. सहा महिन्यांनी एखादा आकडा विचित्र दिसतो, तेव्हा त्याचं कारण याच चार शब्दांत सापडतं.

मातीबाबत एक सूचना विसरू नका. पुस्तकात खारवट जमिनीची मर्यादा विद्युतवाहकतेच्या एककात, ४ डेसिसीमेन्स प्रति मीटर, दिलेली असते. ती मातीच्या संपृक्त अर्काची, म्हणजे माती पाण्याने पुरती भिजवून तिच्यातून काढलेल्या पाण्याची, आहे. प्रयोगशाळेत आपण बहुधा एक भाग माती आणि दोन किंवा पाच भाग पाणी मिसळून मोजतो. तो आकडा बराच कमी येतो आणि तो थेट ४शी ताडून ‘जमीन चांगली आहे’ असं लिहिणारे थोडेथोडके नाहीत. प्रमाण कोणतं वापरलं ते लिहा आणि रूपांतर तुमच्या मातीच्या पोतानुसार करा.

सुरक्षितपणाविषयी थोडक्यात: एकटं जाऊ नका, बांधाच्या ओल्या कडेवर उभं राहून बाटली बुडवू नका आणि विजा चमकत असतील तर घरीच थांबा.

७. जाणत्या माणसांकडून नोंद घेणं

कागदावर जे नाही ते सत्तर वर्षांच्या काकांना आणि मानशीवरच्या माणसाला ठाऊक असतं, पण विचारायची रीत हवी. ‘पाऊस बदलला का?’ या प्रश्नाला सगळे हो म्हणतात आणि त्या होकाराचा उपयोग शून्य. आठवणीला खुंटी द्या. ‘तौक्ते आलं त्या वर्षी पेरणी कोणत्या नक्षत्रात झाली?’ ‘चवथीला शेतात पाणी किती होतं?’ ‘कोरगूट पेरायचं कधी सोडलं आणि का?’ कोरगूट सोडण्याची कारणं ऐकताना मजुरी, बाजारभाव आणि मुलांच्या नोकऱ्या निघतात, आणि मग कधीतरी पाणी येतं. ती जशी सांगतील तशीच लिहा. तुमच्या विषयाला सोयीचं एकच कारण वेगळं काढू नका. मुलाखत वहीत त्यांच्याच शब्दांत ठेवा, भाषांतर घरी करा.

८. कल काढताना

हवामानाचं बोलायचं तर किमान तीस वर्षांची नोंद धरतात. तुमचे एका हंगामातले आकडे हवामानबदल सिद्ध करणार नाहीत आणि त्यांच्याकडून तशी अपेक्षाही नाही. कल जुन्या नोंदींतून काढा. त्यासाठी मान-केंडाल चाचणी (कल खरा की योगायोग ते बघणारी) आणि सेनचा उतार (कल वर्षाला किती ते सांगणारा) या दोन पद्धती बहुतेकांना पुरतात. पावसाच्या दैनिक माहितीला पायथन या संगणकाच्या भाषेत तयार संच मिळतो. मालिकेचं पहिलं वर्ष बदललं तर कल टिकतो का, हे स्वतःच तपासा, कारण परीक्षक तेच विचारतील. एखाद्या वर्षी आकडेवारीत अचानक पायरी दिसली, तर केंद्राची जागा किंवा उपकरण बदललंय का याची चौकशी करा.

९. लिहिणं, आणि त्यानंतर

वाङ्मयचौर्य पकडणाऱ्या साम्यतपासणीत यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. ‘हवामानबदल म्हणजे काय’ ही पहिली दहा पानं सगळ्यांची सारखीच असतात आणि साम्य तिथेच वाढतं. ती दोन पानांत आटोपा आणि जागा तुमच्या बांधाला द्या.

संशोधनात पुढे राहायचं असेल तर सीएसआयआर-नेटमधला पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान हा विषय बघा. परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रांची असते. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी शिष्यवृत्तीही आहे, पहिल्या वर्षातच अर्ज करा.

मूळ आकडे, तारखा आणि जागांच्या खुणांसकट, विभागाच्या संगणकावर ठेवा. तुमच्यानंतर येणाऱ्या मुलीला त्याच बांधावरून पुढे मोजता आलं पाहिजे. आणि मराठीत किंवा कोंकणीत दोन पानं लिहा, सोबत एक नकाशा: कुठे दार गळतं, कुठे माथा खाली आहे, कोणत्या महिन्यात शेत किती खारं असतं. एक प्रत कुळांच्या संघटनेला, एक कोमुनिदादला, एक पंचायतीला. मानशीच्या लिलावाच्या अटी ठरायच्या आधी ती पोचवा. दार किती वेळ उघडं राहावं याची चर्चा होईल तेव्हा शेतकऱ्यांच्या हातात तुमचे आकडे असतील.